डॉक्टर बदला, पण कागद सोडू नका

ऑपरेशन बिघडले, जखम भरेना, ताप उतरेना, की घरात दोन मते पडतात. एक म्हणते, आता त्या दवाखान्याची पायरी चढायची नाही. दुसरे म्हणते, मध्येच डॉक्टर बदललास तर उद्या पहिला डॉक्टर हात झटकून मोकळा होईल, 'बिघडवले ते दुसऱ्याने' म्हणेल. बदलापूरच्या मांजर्लीसारख्या वस्तीत हा पेच जरा जास्तच बोचतो. घराजवळ छोटी नर्सिंग होम आहेत, पण मोठा तज्ज्ञ हवा तर कल्याण, ठाणे नाहीतर थेट परळ गाठावे लागते. म्हणजे डॉक्टर बदलायचा तर लोकलचा प्रवास आला, रजा आली आणि नव्याने डिपॉझिटही आले.

उत्तर आधी सांगतो. डॉक्टर बदलल्यामुळे नुकसानभरपाईचा दावा बुडत नाही. दावा पहिल्या डॉक्टरने त्याच्या काळात काय केले आणि काय करायचे राहिले, यावर उभा असतो. तो कमकुवत होतो तीन कारणांनी: उपचारात खंड पडला, पहिल्या दवाखान्याचे कागद हातात आले नाहीत, किंवा ग्राहक आयोगात तक्रार करण्याची दोन वर्षांची मुदत निघून गेली. ही तिन्ही सांभाळायला लागणारा खर्च लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी आहे.

निकाल काय सांगतात

महाराष्ट्रातलेच दोन निकाल पाहण्यासारखे आहेत. पहिला अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाईची प्रसूती झाली आणि पाठोपाठ कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. प्रकृती ढासळत गेल्यावर दुसऱ्या सर्जनने पोट उघडले, तेव्हा आत राहिलेला टॉवेल सापडला. त्या महिन्यातच ती दगावली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ३६,००० रुपयांची भरपाई मंजूर केली. या प्रकरणाचा सगळ्यात मोठा पुरावा दुसऱ्या सर्जनच्या हातून बाहेर आला होता.

दुसरा निकाल उलट बाजूचा, श्रीखंडे विरुद्ध फर्नांडिस. गोव्यातल्या सरकारी रुग्णालयातील एका परिचारिकेचे नोव्हेंबर १९९३ मध्ये मुंबईत पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. पोट दुखतच राहिले. नऊ वर्षे वेदनाशामक गोळ्यांवर गेली. २००२ मध्ये सीटी स्कॅन झाला, दुसरे ऑपरेशन झाले आणि पोटातून गॉज निघाला. तक्रार दाखल झाली २००४ मध्ये. गॉज निघूनही सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती मुदतबाह्य ठरवली. इतकी वर्षे दुखत होते तर चौकशी वेळेत व्हायला हवी होती, हा त्याचा मथितार्थ. दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्याला केलेला उशीर दाव्याच्या मुळावर आला.

'दोघांनी हात लावला, आता दोष कोणाचा' या भीतीलाही उत्तर आहे. पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या मुंबईच्या प्रकरणात रुग्ण जुलै १९९२ मध्ये आधी होमिओपॅथकडे, मग नर्सिंग होममध्ये आणि शेवटी हिंदुजा रुग्णालयात गेला. तिथे काही तासांतच त्याचा मृत्यू झाला. होमिओपॅथची पदवी असताना ॲलोपॅथीची औषधे दिली, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पहिल्या डॉक्टरला ३ लाख रुपये भरायला लावले. कोणत्या तारखेला कोणी कोणते औषध दिले हे स्पष्ट असेल, तर पुढे दोन दवाखाने झाले तरी पहिल्याची जबाबदारी पुसली जात नाही.

कधी बदलायचा, कधी थांबायचे

श्वास लागतो, रक्त थांबत नाही, शुद्ध हरपते आहे, लघवी बंद आहे, ताप चढतच आहे: अशा वेळी दाव्याचा विचार मनातही आणू नका. १०८ ला फोन करा, मिळेल ते रुग्णालय गाठा, कागद मागून आणता येतात. नुकसान वाढू नये म्हणून रुग्णाने वाजवी काळजी घ्यावी, अशी कायद्याचीही अपेक्षा असते. 'केस चालू आहे म्हणून तसाच राहिलो' हे कारण ग्राहक आयोगापुढे उलटेच पडते.

घाई नसेल तर पुढील गोष्टी दिसल्यावर डॉक्टर बदललेला बरा. डॉक्टर भेटच देत नाहीत किंवा फोन घेत नाहीत. त्रास वाढतो आहे आणि कारण विचारले की 'होईल बरे' एवढेच ऐकायला मिळते. फाइल दाखवायला टाळाटाळ होते. 'माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर सही मागितली जाते. किंवा डॉक्टरची पदवी आणि तो देत असलेले उपचार यांचा मेळ बसत नाही.

आता थांबण्याची कारणे. हाडाला बाहेरून बसवलेली सळई, केमोथेरपीचे अर्धे चक्र, दातांच्या इम्प्लांटचा मधला टप्पा, अशा ठिकाणी दुसरा तज्ज्ञ अर्धवट काम हाती घ्यायला कचरतो, आणि घेतले तर पहिल्यापासून करतो. डॉक्टर नीट उत्तर देत असतील, तर न सोडता दुसरे मत घ्या. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत सेकंड ओपिनियन हा रुग्णाचा हक्क म्हणूनच नोंदला आहे. त्यासाठी पहिल्या डॉक्टरची परवानगी लागत नाही, त्यांना राग येईल म्हणून लपवायचेही कारण नाही.

पहिल्याच डॉक्टरने 'पुन्हा फुकट करून देतो' म्हटले तर? ते घेतल्याने दावा जात नाही. मात्र काय करणार, का करावे लागते आहे आणि पैसे घेणार नाही, हे लेखी घ्या. बदल्यात 'पूर्ण व अंतिम समझोता' असे शब्द असलेल्या कागदावर सही करू नका.

तुम्ही नोटीस पाठवली म्हणून डॉक्टर एका दिवसात तुम्हाला वाऱ्यावर सोडू शकत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहिता विनियमांनुसार, एकदा हाती घेतलेला रुग्ण पुरेशी पूर्वसूचना दिल्याशिवाय सोडता येत नाही.

निघण्यापूर्वी: फाइल आणि डामा

याच विनियमांत दोन कामाच्या तरतुदी आहेत. दाखल रुग्णाची कागदपत्रे डॉक्टरने उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपायची आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायची. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये रघुनाथ रहेजा प्रकरणात हेच बजावले: वाजवी खर्च घ्या, पण कागद द्या.

अर्ज साधा असावा. नमुना असा:

'मी दि. … ते दि. … या काळात आपल्या रुग्णालयात दाखल होतो/होते (इनडोअर क्र. …). माझे संपूर्ण केस पेपर, डॉक्टर व परिचारिकांच्या रोजच्या नोंदी, ऑपरेशन नोट, भूल देण्याची नोंद, संमतीपत्र, औषधांचा तक्ता, सर्व तपासण्यांचे अहवाल, एक्स-रे/स्कॅनच्या सीडी आणि सविस्तर बिल यांच्या साक्षांकित प्रती २००२ च्या विनियम १.३.२ नुसार ७२ तासांत द्याव्यात. प्रतींचा वाजवी खर्च देण्यास मी तयार आहे.'

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. काउंटरवर घेत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा, शिवाय ई-मेलही करा. दावा, वकील, पोलीस यांचा उल्लेख या अर्जात नको. उपचार पुढे चालू ठेवण्यासाठी कागद हवेत, एवढे कारण पुरेसे आहे आणि ते खरेही आहे.

केवळ डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. ते शेवटी, सगळे उरकल्यावर लिहिलेले असते. खरी गोष्ट रोजच्या नोंदींत असते: रात्री दोन वाजता ताप किती होता, डॉक्टरांना फोन केव्हा केला, ते केव्हा आले.

रुग्ण दाखल असताना हलवायचा असेल, तर 'डामा'चा कागद पुढे येतो. डामा म्हणजे डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध घेतलेली सुट्टी. छापील मजकुराखाली नुसती सही ठोकली, की उद्या 'रुग्ण आपल्या मर्जीने गेला' हा बचाव तयार. सहीच्या वर आपल्या अक्षरात कारण लिहा: 'तीन दिवस ताप उतरत नसल्याने व तज्ज्ञ उपलब्ध नसल्याने पुढील उपचारांसाठी अमुक रुग्णालयात नेत आहोत. निघताना नाडी …, रक्तदाब …, शुद्ध आहे/नाही.' लगेच मोबाइलवर फोटो काढा. शक्य असेल तर डामाऐवजी संदर्भपत्र, म्हणजे 'रेफर' चिठ्ठी मागा. बिल बाकी आहे म्हणून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही. बाकी रकमेवर वाद असेल तर 'हरकत राखून भरणा' असे बिलावर लिहा.

नव्या डॉक्टरकडे

पहिल्याच भेटीत 'त्यांनी माझी वाट लावली, मला तसे लिहून द्या' म्हटले, तर बहुतेक डॉक्टर सावध होतात आणि केस घ्यायलाच नको म्हणतात. तुम्हाला दोषाचे प्रमाणपत्र नको असते, वस्तुस्थितीची नोंद हवी असते. आला तेव्हा अवस्था काय होती, तपासणीत काय सापडले, काय करावे लागले, पुढे किती काळ व काय उपचार लागतील: एवढे पहिल्या केस पेपरवर तारीख-वेळेसह आले की काम झाले. पुन्हा ऑपरेशन झाले तर पोटातून निघालेली वस्तू, तुटलेली पट्टी किंवा स्क्रू लेबल लावून मागा. ऊतीचा नमुना तपासणीला गेला असेल, तर त्याचा ब्लॉक आणि काचा जपून ठेवायला प्रयोगशाळेला लेखी कळवा.

प्रत्येक तक्रारीला तज्ज्ञाचे मत जोडलेच पाहिजे असे नाही. व्ही. किशन राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटले, की प्रकरण गुंतागुंतीचे असेल तिथेच तज्ज्ञ लागतो. पोटात राहिलेला गॉज किंवा डाव्याऐवजी उजव्या पायाचे ऑपरेशन, अशी उघड चूक कागदच बोलून दाखवतात.

खर्चाचा हिशेब

*कागद.* झेरॉक्स साधारण २-३ रुपये पान. दोनशे पानांची फाइल झाली तरी मामला काही शे रुपयांत आटोपतो. सरकारी रुग्णालयातून माहिती अधिकारात मागवायचे तर अर्जाला १० रुपये आणि पानाला २ रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला हेही माफ आहेत.

*दुसरे मत.* १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय आपल्या पट्ट्यातली. महापालिकांची केईएम, शीव, कळवा आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे जे.जे. या सवलतीत नाहीत, पण त्यांचे दर खासगीच्या मानाने नाममात्र आहेत. सरकारी डॉक्टरची नोंद निःपक्ष मानली जाण्याचा फायदा वेगळाच. खासगी तज्ज्ञाकडे गेलात तर छापील पावती घ्या, ऑनलाइन भरणा केला तरीही.

*पुन्हा तपासण्या.* पैसा सगळ्यात जास्त इथे गळतो. केवळ छापील अहवाल नेला तर नवा डॉक्टर स्कॅन पुन्हा सांगतो, सीडी नेली तर बऱ्याचदा तीच चालते. कोणती तपासणी पुन्हा लागणार आणि का, हे आधी विचारा.

*नवे ऑपरेशन.* लेखी एस्टिमेट घ्या. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालय आणि उपचार दोन्ही यादीत आहेत का, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून भरतीपूर्वीच पक्के करा. मेडिक्लेम असेल तर एक खोच लक्षात ठेवा: त्याच आजारासाठी शेवटच्या सल्ल्यापासून ४५ दिवसांच्या आत पुन्हा भरती झाली, तर सहसा ते एकच आजारपण धरले जाते, आणि आजारागणिक मर्यादा असेल तर ती दोन्ही भरतींवर मिळून लागते. क्लेमसाठी मूळ कागद कंपनीकडे जातात, म्हणून देण्यापूर्वी साक्षांकित प्रती काढा. औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांनी हेही जाणून घ्यावे, की ईएसआयचा विमाधारक हासुद्धा ग्राहकच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये तसे ठरवले आहे.

*प्रवास आणि बुडालेली मजुरी.* बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. रुग्णासोबत एक माणूस धरला तर महिन्याभरात प्रवासाचा खर्च औषधांच्या बरोबरीला येऊ शकतो. तज्ज्ञाची भेट मुंबईत, आणि ड्रेसिंग, इंजेक्शन, टाके काढणे घराजवळ, अशी वाटणी नव्या डॉक्टरकडून लेखी करून घ्या. तिकीट, रिक्षा, सुट्टीचा दिवस, सोबतच्याची बुडालेली मजुरी हे सगळे वहीत तारीखवार लिहा. हा खर्च भरपाईत मागता येतो, पण आठवणीने सांगितलेला आकडा कोणी धरत नाही.

*आयोगाची फी.* इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. फी मागितलेल्या भरपाईवर नसते, पहिल्या दवाखान्याला दिलेल्या मोबदल्यावर असते:

- ५ लाखांपर्यंत: शून्य
- ५ ते १० लाख: २०० रुपये
- १० ते २० लाख: ४०० रुपये
- २० ते ५० लाख: १,००० रुपये

समजा दवाखान्याचे बिल ३ लाख ८० हजार झाले आणि तुम्ही २० लाखांची भरपाई मागता, तरी फी शून्य. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात जाते. आपल्यासाठी ते ठाणे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणून ऑपरेशन पुण्यात झाले असले तरी मांजर्लीकराने पुण्याला खेटे घालायची गरज नाही. 'ई-जागृती' पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल करता येते. शंका असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

*वकील.* सक्तीचा नाही, तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो. वैद्यकीय प्रकरणात जाणकार वकील असलेला बरा, पण एकूण फी, तारखेमागची फी आणि टायपिंग-झेरॉक्सचा खर्च आधी लेखी घ्या. 'मिळेल त्यातले इतके टक्के' हा सौदा वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातीतील व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

मुदत आणि योग्य दार

कारण घडल्यापासून २ वर्षे. नव्या डॉक्टरकडे गेल्याने हे घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण द्यावे लागते. सुरक्षित हिशेब म्हणजे पहिल्या दवाखान्यातून बाहेर पडल्याच्या तारखेपासून मोजायचे. सामनेवाल्याला उत्तराला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. निकाल तीन ते पाच महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षे लागतात, म्हणून नव्या उपचारांचे पैसे भरपाईतून येतील या भरवशावर कर्ज काढू नका.

सगळ्यांना सगळीकडे दाद मागता येत नाही. ज्या सरकारी रुग्णालयात कोणाकडूनच पैसे घेतले जात नाहीत, तिथली सेवा १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालानुसार ग्राहक कायद्यात बसत नाही. तिथे दिवाणी न्यायालयाचा रस्ता. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकते, पैसे देऊ शकत नाही. पोलिसांत गुन्हा हवा असेल तर जेकब मॅथ्यू निकालानुसार (२००५) हयगय ढोबळ असावी लागते आणि आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घेतले जाते. तीन दारे एकदम ठोठावण्याआधी आपल्याला नेमके काय हवे ते ठरवा.

पहिल्या आठवड्याचा क्रम

१. प्रकृती नाजूक असेल तर आधी रुग्ण हलवा, बाकी नंतर.
२. फाइलचा अर्ज द्या, पोच घ्या.
३. सरकारी रुग्णालयात तपासणी करून आजची अवस्था केस पेपरवर आणा.
४. सर्व कागद स्कॅन करून ई-मेलवर ठेवा. २००५ आणि २०१९ मध्ये उल्हास नदीचे पाणी बदलापूर पश्चिमेत घरांत शिरले होते, हे तळमजल्यावर राहणाऱ्यांनी विसरू नये.
५. खर्चाची वही सुरू करा.
६. दोन वर्षांची शेवटची तारीख काढा आणि तिच्या सहा महिने आधीची तारीख कॅलेंडरवर लाल करा.

एवढे झाल्यावर पुढचा उपचार कोणाकडे घ्यायचा, हे केवळ प्रकृती पाहून ठरवता येते. पहिल्या डॉक्टरवर विश्वास उरला असेल तर राहा, नसेल तर बदला. आयोग निकाल देताना केव्हा काय झाले आणि त्याची नोंद कुठे आहे हेच तपासणार आहे, आणि ती सगळी नोंद आता तुमच्याकडे आहे.